क्लाउड फॉरेस्ट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिंगापूरची सहल, ओमानमधल्या सलालाचे व्हिडिओ आणि पावसाळ्यात घाटातल्या रिसॉर्टांच्या जाहिराती. क्लाउड फॉरेस्ट हा शब्द बहुतेकांच्या कानावर पडतो तो या तीन वाटांनी, आणि तिन्हीकडे त्याचा अर्थ थोडा वेगळा घेतलेला असतो. म्हणून ही प्रश्नोत्तरे.

क्लाउड फॉरेस्ट म्हणजे नेमके काय?

डोंगरावरचे असे जंगल, जिथे ढग झाडांच्या डोक्यावरून जात नाही, झाडांमधून जातो. पायथ्याच्या गावातून पाहिले तर माथ्यावर ढग टेकलेला दिसतो. माथ्यावर उभे असलेल्याला तेच धुके वाटते. असा ढग एका ठरावीक उंचीच्या पट्ट्यात वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा येत राहिला की तिथली झाडे, माती, ओढे, बेडूक, पाखरे सगळे त्या ओलाव्याच्या हिशोबाने घडत जातात.

या विषयावर १९९३ साली प्वेर्तो रिकोतल्या सान हुआन शहरात शास्त्रज्ञांची परिषद झाली होती. तेव्हापासूनच्या व्याख्या पाहिल्या तर भर ढगाच्या वारंवार येण्यावर आहे. उंची किती, झाडे कोणती, हे त्याच्या नंतर येते.

रेनफॉरेस्ट आणि क्लाउड फॉरेस्ट एकच का?

नाही. सखल भागातल्या वर्षावनाला पाणी वरून मिळते. तिथे झाडे उंच, हवा उष्ण, आणि ढग झाडांपासून बराच वर. क्लाउड फॉरेस्ट थंड असते, झाडे त्यामानाने ठेंगणी, आणि पाण्याचा काही भाग आडवा येतो. काही क्लाउड फॉरेस्टांत पाऊसही भरपूर पडतो, त्यामुळे दोन्ही नावे एकाच जंगलाला लावलेली दिसतील. पण पाऊस जेमतेम असूनही क्लाउड फॉरेस्ट असू शकते. चिलीच्या किनाऱ्यावर फ्राय होर्हे नावाचे राष्ट्रीय उद्यान आहे. आजूबाजूला निवडुंग आणि काटेरी झुडपे, पाऊस अगदी तुटपुंजा, आणि डोंगराच्या माथ्यावर मात्र दमट जंगलाचे तुकडे. ते समुद्रावरून येणाऱ्या धुक्यावर जगतात.

ढगातून झाडाला पाणी मिळते कसे?

ढगातले थेंब इतके बारीक असतात की ते स्वतःहून खाली पडत नाहीत, वाऱ्याबरोबर वाहत राहतात. वाटेत पान, काटकी, शेवाळ आडवे आले की त्यावर आपटून चिकटतात. एकाला दुसरा मिळतो, थेंब जड होतो आणि ठिबकतो. जंगलाबाहेर मोकळ्यावर ठेवलेल्या पर्जन्यमापकात एक थेंबही नसतो आणि झाडाखालची जमीन ओली असते. याला आडवा पाऊस म्हणायला हरकत नाही.

किती पाणी? जिथे पाऊसही नीट पडतो अशा क्लाउड फॉरेस्टात हा वाटा साधारणपणे पावसाच्या ५ ते २० टक्के धरला जातो. कोरड्या ठिकाणी, किंवा कोरड्या महिन्यांत, तो पावसाच्या पुढेही जातो.

पण हिशोबाची दुसरी बाजूही आहे. ढगात ऊन कमी, हवा दमट आणि पाने ओली. त्यामुळे झाडे बाष्प फार कमी सोडतात. म्हणजे जमा जास्त आणि खर्च कमी. उरलेले पाणी मातीत मुरून ओढ्यांना मिळते, आणि भर उन्हाळ्यातही हे ओढे वाहतात ते त्यामुळे. शिवाय काही झाडे पानांवरचे पाणी थेट पानातूनच आत घेतात, असे कोस्ता रिकातल्या अभ्यासांत दिसले आहे. पाणी मुळांकडून पानांकडे जाते हे आपण शाळेत शिकलो. इथे ते कधीकधी उलटे जाते.

हे जंगल किती उंचीवर असते?

उष्ण कटिबंधातल्या मोठ्या पर्वतरांगांवर ढोबळमानाने १,५०० ते ३,००० मीटर. पण हा आकडा पाठ करून फिरू नका. समुद्रातल्या लहान बेटावरच्या एकट्या डोंगरावर ढग फार खाली टेकतो आणि ५०० मीटरवरही असे जंगल सापडते. मोठी पर्वतरांग उष्णता धरून ठेवते, त्यामुळे तिथे सगळेच पट्टे वर सरकतात.

झाडे बुटकी आणि शेवाळाने मढलेली का असतात?

ऊन कमी मिळते, वारा झोडपतो, माती सतत पाण्याने भरलेली असते, पालापाचोळा लवकर कुजत नाही. अशा जागी झाड उंच वाढायला धजत नाही. अगदी कड्यावरच्या पट्ट्यात तर वळलेल्या खोडांची, पुरुषभर उंचीचीही झाडे दिसतात.

शेवाळाची गोष्ट जास्त रंजक आहे. खोडाफांद्यांवर शेवाळ, नेचे, आमरी (ऑर्किड), आपण मसाल्यात घालतो ते दगडफूल ज्या प्रकारातले त्यातले नाना नमुने, आणि अमेरिका खंडात अननसाच्या कुळातल्या वनस्पती, ज्यांच्या पानांच्या बेचक्यात पाण्याची लहान टाकीच साठते. ही बांडगुळे नाहीत. झाडाचा रस ती घेत नाहीत, फक्त बसायला जागा घेतात. हे सगळे मिळून फांदीवर भिजलेल्या गोधडीसारखा जाड थर बनतो, आणि त्याखाली वर्षानुवर्षे कुजून चक्क माती तयार होते. जमिनीपासून कित्येक मीटर उंचीवर माती.

इथे एक नाव घेतलेच पाहिजे: नलिनी नाडकर्णी. वडील भारतातून अमेरिकेत गेलेले, मुलगी वनस्पतींची अभ्यासक. झाडावर दोर लावून चढायचे आणि शेंड्याजवळच्या जगाचा अभ्यास करायचा, हे काम त्यांनी फार थोडे लोक करत होते तेव्हा सुरू केले. फांदीवरच्या या मातीत झाड स्वतःच्याच फांदीतून मुळे सोडते आणि तिथले अन्न घेते, हे त्यांनी १९८१ मध्ये सायन्स नियतकालिकात मांडले. सुरुवातीचे निरीक्षण वॉशिंग्टन राज्यातल्या थंड, दमट जंगलातले होते. पुढे कोस्ता रिकातले मॉन्तेवेर्दे हीच त्यांची अनेक दशकांची कर्मभूमी झाली. शेवाळाचा थर एकदा खरवडला की पुन्हा जमायला दशके लागतात, हेही त्यांच्या कामातून कळले. फुलवाल्यांसाठी जंगलातून शेवाळ गोळा करणाऱ्यांच्या विरोधात त्या बोलल्या, त्याला हा आधार होता.

जगात अशी जंगले कुठे आणि किती आहेत?

मेक्सिकोपासून अँडीजपर्यंतचे डोंगर, कॅरिबियन बेटे, पूर्व आफ्रिकेतले रुवेंझोरीसारखे पर्वत, श्रीलंकेतले हॉर्टन प्लेन्स, मलेशिया, इंडोनेशिया, फिलिपिन्स, न्यू गिनी, हवाई. क्षेत्रफळ फारच थोडे. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासात पृथ्वीवरच्या जमिनीच्या सुमारे ०.४ टक्के असा अंदाज होता, आणि तेवढ्या जागेत पक्षी, सस्तन प्राणी, उभयचर व वृक्षनेचे यांच्या जगातल्या सुमारे १५ टक्के जाती. २००१ ते २०१८ या काळात त्यातला २.४ टक्के भाग गेला, असेही त्यात होते.

नवे प्राणी अजून सापडतात. २०१३ मध्ये कोलंबिया-इक्वेडोरच्या अशाच जंगलांतून ओलिंगितो हा झाडांवर राहणारा सस्तन प्राणी शास्त्राला नव्याने कळला. तोपर्यंत संग्रहालयांत त्याचे नमुने चुकीच्या नावाने पडून होते.

महाबळेश्वर, आंबोली, भीमाशंकर ही क्लाउड फॉरेस्ट आहेत का?

सर्वांत जास्त विचारला जाणारा आणि सर्वांत जास्त भांडण लावणारा प्रश्न. माझे उत्तर: काटेकोर अर्थाने नाहीत.

आधी दुसरी बाजू पूर्ण ऐकू. महाबळेश्वर साधारण १,३५० मीटरवर आहे. जून ते सप्टेंबर तिथे चार हातांवरचा माणूस दिसत नाही, जुन्या घरांना गवताच्या झडी बांधाव्या लागत. जंगल ठेंगणे, अंजनी, जांभूळ, पिसा, हिरडा यांचे. फांद्यांवर शेवाळ, आमरी. आंबोली त्याच्या निम्म्या उंचीवर, तरी पावसाळ्यात दिवसचे दिवस ढगात. आणि आंबोलीचा भेक (टोड), जो २००९ मध्ये एका नव्या प्रजातीगटात घातला गेला, तो त्या परिसराबाहेर जवळजवळ कुठेच नाही. वर्णन वाचले तर वाटेल, अजून काय हवे?

हवे ते असे. मी एक साधी कसोटी लावतो. पाऊस आहे तेवढाच राहू द्या आणि फक्त ढग काढून घ्या. जंगल बदलेल का? महाबळेश्वराला वर्षाला साडेपाच ते सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आंबोलीला त्याहून जास्त. हा सगळा चार महिन्यांत. त्या काळात धुक्यातून आणखी थोडे पाणी मिळाले काय आणि न मिळाले काय, झाडाला फरक पडत नाही, जमीन आधीच तुडुंब असते. खरी परीक्षा ऑक्टोबरनंतर. तेव्हा शेवाळ वाळून काळे पडते, नेचे करपतात, आणि जंगल सहा-सात महिने बिनढगाचे, बिनपावसाचे काढते. ज्या महिन्यांत ढगाची गरज असते त्या महिन्यांत तो नसतो. इथली झाडे घडली आहेत ती लांबलेल्या कोरड्या काळाने, वाऱ्याने आणि जांभ्यावरच्या पातळ मातीने. भारतीय वनांच्या वर्गीकरणातही महाबळेश्वरचे जंगल पश्चिमेकडचे उपोष्ण रुंदपर्णी डोंगरी वन म्हणून नोंदलेले आहे.

याने सह्याद्रीला काही कमीपणा येत नाही. हे जंगल चार महिने बुडालेले आणि आठ महिने तहानलेले असते, आणि तरी सदाहरित राहते. ही करामत क्लाउड फॉरेस्टाला करावी लागत नाही. रिसॉर्टवाल्यांनी उसने नाव लावण्यापेक्षा हे सांगितले तर जास्त बरे.

पण ओमानमधल्या सलालालाही तीनच महिने ढग असतो. मग त्याला क्लाउड फॉरेस्ट कसे म्हणतात?

आखातात नोकरी करणारी मराठी कुटुंबे जुलै-ऑगस्टमध्ये गाडी काढून सलालाला जातात, त्यांच्याकडून हा प्रश्न हमखास येतो. आणि प्रश्न बिनतोड आहे, कारण वाराही तोच: आपल्याकडे पाऊस आणणारा नैऋत्य मोसमी वारा.

सलाला ज्या दोफार प्रांतात आहे, त्याच्या किनाऱ्यावर हा वारा किनाऱ्याला समांतर वाहतो आणि समुद्राच्या तळाकडचे थंड पाणी वर येते. त्या थंड पाण्यावरून जाताना हवा गार होऊन तिच्यात ढग धरतो. पण वरती वाळवंटाची गरम, कोरडी हवा झाकण घालून बसलेली. त्यामुळे ढग उंच चढू शकत नाही, मोठा पाऊस पडत नाही. ढग समुद्राकडच्या उतारांवर अडकून राहतो. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत भुरभुर आणि धुके. या ऋतूला तिथे खरीफ म्हणतात, आपल्या खरीप हंगामातला शब्द तोच. डोंगराच्या पलीकडे उतरलात की थेट वाळवंट.

सलाला शहराला वर्षभरात जेमतेम १०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस मिळतो. एवढ्या पाण्यात जंगल उभे राहत नाही. पण डोंगरउतारांवर आपल्या धावड्याच्या जवळच्या नात्यातली झाडे उभी आहेत. ती कोरड्या महिन्यांत पाने गाळतात आणि खरीफमध्ये पालवतात. त्यांच्या पानांनी अडवलेले धुक्याचे पाणी मातीत मुरते, आणि ढग गेल्यावर ती त्यावर पुढचे दिवस काढतात. कसोटी इथे लावा: ढग काढून घेतला तर जंगल उरणार नाही. म्हणून तीन महिन्यांच्या ढगावरही ते क्लाउड फॉरेस्ट ठरते आणि चार महिन्यांच्या ढगाचे महाबळेश्वर ठरत नाही. महिने मोजून हा निकाल लागत नाही.

दोफारमध्ये संशोधकांना एक वेगळी भीती वाटते. उंट झाडांचा पाला ओरबाडतात. पाला कमी म्हणजे धुके अडवणारा पृष्ठभाग कमी, म्हणजे पाणी कमी, म्हणजे झाड पुन्हा सावरणे अवघड. एका मर्यादेपलीकडे गेले की तिथे गवतच राहील, जंगल परत येणार नाही.

भारतात मग कुठेच नाही?

सर्वांत जवळ जाणारी आहेत निलगिरी, अन्नामलाई आणि पलनी डोंगरांतली शोला जंगले. साधारण १,७०० मीटरच्या वर, दऱ्यांच्या घड्यांमध्ये दाट, ठेंगणे, शेवाळलेले रान आणि मधल्या उतारांवर मोकळे गवत. दोन्ही मान्सूनांचे पाणी मिळते, त्यामुळे दमट महिने आपल्यापेक्षा बरेच जास्त. काही अभ्यासक त्यांना क्लाउड फॉरेस्ट म्हणतात, काही नुसते पर्वतीय वन. मला पहिले नाव खटकत नाही. त्या गवताळ उतारांवर फुलते ती नीलकुरिंजी, आपल्या कारवीची सख्खी नातलग. ती १२ वर्षांनी एकदा फुलते. मागे २०१८ मध्ये फुलली होती, पुढची पाळी २०३०.

पूर्व हिमालयातही ढगात बुडालेली शेवाळी जंगले आहेत. अरुणाचलातल्या ईगलनेस्टमधून बुगुन लिओसिक्ला हा पक्षी २००६ मध्ये जगासमोर आणला तो रमणा आत्रेय यांनी, जे पेशाने खगोलशास्त्रज्ञ आहेत आणि ज्यांचे काम पुण्यात आहे.

मॉन्तेवेर्देचे नाव सगळीकडे का येते?

कारण तिथे जंगल वाचले ते पाण्यासाठी. १९५१ मध्ये अमेरिकेच्या अलाबामा राज्यातून क्वेकर पंथाची काही कुटुंबे कोस्ता रिकात आली. सैन्यात जायला त्यांचा धर्म मना करतो, त्यांच्यातल्या काही तरुणांनी त्यापायी तुरुंग भोगला होता, आणि कोस्ता रिकाने १९४८ मध्ये सैन्यच बरखास्त केले होते. डोंगरावर जमीन घेऊन त्यांनी गाई पाळल्या, चीज बनवायला लागले. पण गावच्या ओढ्यांचा उगम ज्या वरच्या जंगलात होता, त्याला त्यांनी कुऱ्हाड लावली नाही. ते राखून ठेवले. १९७२ मध्ये त्याला लागून अभयारण्य झाले, आणि ते राखीव जंगलही पुढे त्याच व्यवस्थेत आले.

अटलांटिककडून येणारे व्यापारी वारे इथल्या जलविभाजकावर, म्हणजे पाणी दोन बाजूंना वाटणाऱ्या डोंगरकण्यावर, चढतात आणि ढग बनून जंगलातून जातात, कोरड्या ऋतूतही. १९८७ मध्ये स्वीडनमधल्या एका लहान शाळेतल्या मुलांनी पैसे जमवायला सुरुवात केली, त्यातून शेजारी "मुलांचे चिरंतन वर्षावन" या नावाचे राखीव जंगल उभे राहिले. आज ते कोस्ता रिकातले सर्वांत मोठे खासगी राखीव जंगल आहे.

तिथल्या सोनेरी बेडकाचे काय झाले?

संपला. हा भेक फक्त मॉन्तेवेर्देजवळच्या काही किलोमीटरच्या पट्ट्यात होता, त्याची शास्त्रीय नोंद १९६६ ची. नर झगझगीत नारिंगी. १९८७ मध्ये विणीच्या डबक्यांवर दीड हजारांहून जास्त मोजले गेले. पुढच्या वर्षी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. १९८९ मध्ये एक नर दिसला आणि त्यानंतर एकही नाही. २००४ मध्ये तो नामशेष जाहीर झाला.

कारणांवर वाद आहे. १९९९ मध्ये नेचर नियतकालिकात आलेल्या शोधनिबंधाने म्हटले की हवा तापल्यामुळे ढगाचा तळ वर सरकतोय आणि धुके नसलेले दिवस वाढताहेत. २००१ मध्ये दुसऱ्या गटाने दाखवले की खालच्या सखल भागातले जंगल तोडल्यानेही वरच्या ढगावर परिणाम होतो. २०१० मध्ये झाडांच्या खोडातल्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांच्या (हलक्या-जड प्रकारांच्या) नोंदींवरून आणखी एकांनी सांगितले की १९८६-८७ च्या एल निनोचा कोरडेपणा मुख्य दोषी होता. शिवाय बेडकांचा बुरशीरोग आहेच. एका वाक्यात "हवामानबदलाने मारला" असे लिहिणाऱ्यांनी एवढे तरी वाचावे.

सिंगापूरचे क्लाउड फॉरेस्ट खरे आहे का?

गार्डन्स बाय द बे मधले ते काचघर आहे, २०१२ मध्ये उघडलेले. आत ३५ मीटर उंचीचा बांधलेला डोंगर, धबधबा, यंत्राने सोडलेले धुके आणि खऱ्या डोंगरी जंगलांतून येणाऱ्या प्रकारांची झाडे. जंगल नाही, पण वनस्पती खऱ्या आहेत. फांदीवर फांदीभर आमरी आणि नेचे कसे दाटतात, हे दोन तासांत पाहायचे असेल तर जागा उत्तम. फक्त फोटो टाकताना "सिंगापूरच्या क्लाउड फॉरेस्ट उद्यानात" असे लिहा.

जंगल तोडले तरी ढग तर येणारच. मग पाणी का कमी होते?

ढग आला तरी त्याला अडवणारे कोणी नसते, तो तसाच पुढे जातो. स्पेनच्या कॅनरी बेटांतल्या एल इएरो बेटावर गारोए नावाचे एक झाड होते. बेटावर नद्या नाहीत. त्या झाडाच्या पानांवरून ठिबकणारे ढगाचे पाणी लोक खाली खणलेल्या टाक्यांत साठवत. १६१० मध्ये वादळात ते झाड पडले. १९४९ मध्ये त्याच जागी त्याच प्रकारचे दुसरे लावले, आणि त्याखाली पुन्हा पाणी ठिबकते.

मोठ्या प्रमाणावर पाहायचे तर होंडुरासची राजधानी तेगुसिगाल्पा. तिच्या पिण्याच्या पाण्यातला मोठा वाटा ला तिग्रा या क्लाउड फॉरेस्टातून येतो. १९८० मध्ये ते त्या देशाचे पहिले राष्ट्रीय उद्यान झाले.

अशा जंगलांना कायद्याचे काही खास संरक्षण आहे का?

जागतिक पातळीवर वेगळा कायदा नाही. मात्र इक्वेडोरच्या राज्यघटनेत निसर्गालाच हक्क दिले आहेत, आणि २०२१ मध्ये तिथल्या घटना न्यायालयाने त्या आधारावर लोस सेद्रोस या क्लाउड फॉरेस्टातले खाणकाम रोखले. कॅनरी बेटांतले गाराहोनाय राष्ट्रीय उद्यान १९८६ पासून आणि पोर्तुगालच्या मदेरा बेटावरचे लॉरेल जंगल १९९९ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे.

क्लाउड कॉम्प्युटिंगशी याचा काही संबंध?

काहीही नाही.

मराठीत काय लिहावे?

मेघवन हा शब्द सुटसुटीत आहे, पण पहिल्यांदा वापरताना एका वाक्यात अर्थ सांगा, नाहीतर वाचकाला ते गृहसंकुलाचे नाव वाटेल. बातमीत क्लाउड फॉरेस्ट असे सरळ लिहिले तरी चालते. "ढगांचे जंगल" टाळा, त्यात ढगच जंगलासारखे दाटलेत असा अर्थ निघतो. फिलिपिन्स-मलेशियातल्या मजकुरात शेवाळी जंगल आणि मेक्सिकोतल्या मजकुरात मध्यम दमट डोंगरी वन अशा अर्थाची नावे येतात. ती बहुतेक वेळा याच जंगलाबद्दल असतात.

पाहायला जायचे असेल तर काय लक्षात ठेवावे?

सलालाला जुलै-ऑगस्ट, एरवी डोंगर पिवळे असतात. शोला पाहायला केरळातल्या एरविकुलम राष्ट्रीय उद्यानात जाणार असाल तर निलगिरी ताहर या रानबकऱ्यांच्या विणीच्या काळात, साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये, उद्यान बंद असते. आधी चौकशी करा. मॉन्तेवेर्देला कोरड्या ऋतूतही कोरडे राहण्याची खात्री नाही. कुठेही जा, छत्री घरी ठेवा आणि टोपीचा रेनकोट घ्या, कारण इथे पाणी बाजूने येते. शेवाळाला हात लावू नका.